बोलणं सोडून बाकीचं

३ जानेवारी

नव्या जागी रुजू झाले. पोलिस मुख्यालय, तिसरा मजला, ध्वनी विभाग. विभाग म्हणजे मी, टायपिस्टबाई आणि एक एसी. एसी मशीनसाठी आहे. माणसांसाठी असता तर एव्हाना बंद पडला असता, असं बाईंचं मत.

काम सरळ आहे. खालच्या चौकशीच्या खोल्यांमधलं ध्वनिमुद्रण वर येतं. ते साफ करायचं, बाईंना टाइप करायला द्यायचं, आणि न्यायालयात जाणाऱ्या प्रतीवर तंत्रज्ञ म्हणून सही करायची.

बाईंनी विचारलं, "लग्न?"

"नाही."

"ठरलंय?"

"नाही."

"बरं झालं. म्हणजे नवऱ्याच्या फोनमुळे माझं जेवण थंड होणार नाही."

टाइपिंग काही महिने मागे पडलं आहे. बाई हळू नाहीत. चौकशीत माणसं फार वेळ गप्प बसतात आणि बाईंना ते गप्प बसणंही ऐकत बसावं लागतं.

९ जानेवारी

छोटा प्रोग्रॅम लिहिला. ज्या भागात बोलणं नाही आणि जो तीन सेकंदांहून लांब आहे, तो भाग तो कापतो आणि दोन्ही टोकं जोडतो. पहिल्याच ध्वनिमुद्रणाचे तीन तास पाऊण तासावर आले. बोललेला एकही शब्द गेला नाही. मी दोनदा तपासलं.

बाईंनी माझ्या टेबलावर एक सोललेलं संत्रं ठेवलं. "पोरी, तुझ्या हाताला यश आहे. गेली बारा वर्षं कुठे होतीस?"

"शाळेत."

घरी आईला सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे बोलणं ठेवायचं आणि गप्प बसणं टाकून द्यायचं? मग तुझं काय उरेल गं?"

१४ जानेवारी

मागचं काम संपत आलं. वरिष्ठांनी प्रोग्रॅम सगळ्या ध्वनिमुद्रणांसाठी मंजूर केला. आता कापलेली प्रत हीच कामाची प्रत. मूळ ध्वनिमुद्रण साठ दिवस मशीनवर राहतं, मग त्याच जागेवर नवं चढतं. मूळ राखायचं असेल तर त्याला खूण करावी लागते. खुणेला कारण आणि तपास अधिकाऱ्याची सही लागते.

१७ जानेवारी

आज नव्या अधिकाऱ्यांसाठी साहेबांचं व्याख्यान होतं. ध्वनिमुद्रण माझ्याकडे होतं, म्हणून मागे बसून सगळं ऐकलं.

साहेब चौकशी विभागाचे प्रमुख. त्यांनी नोकरीत कधी कुणावर हात उचललेला नाही, आवाजही चढवलेला नाही. आरोपीला ते इतकं जपतात की अख्खी इमारत त्यांना मागे 'सासरेबुवा' म्हणते. त्यांना ते माहीत आहे.

एकाने विचारलं, "साहेब, दोन ठेवून दिल्या तर लवकर होत नाही का?"

साहेब म्हणाले, "होतं ना. मारलं की माणूस तुम्हाला हवं ते सांगतो, आणि सोडलं की परत घेतो. मला त्याने स्वतःहून सांगायला हवंय. स्वतःहून सांगितलेलं माणूस परत घेत नाही. त्यात त्याचा मान असतो."

मग पद्धत सांगितली. टेबल मध्ये ठेवायचं नाही, खुर्ची त्याच्या बाजूला घ्यायची. गुन्हा लहान करायचा: तुमच्या जागी कुणीही असता तरी हेच केलं असतं. दोन वाटा द्यायच्या आणि त्याला निवडू द्यायचं. ठरवून केलंत की रागाच्या भरात? दोन्ही वाटा आपल्याच दारी येतात, पण निवड त्याची असते. आणि शेवटी, थांबायचं.

"शांतता ही रिकामी खुर्ची आहे," साहेब म्हणाले. "माणूस उभा राहून थकतो. बसतोच."

अतिशय स्पष्ट मांडणी. आवाजही ध्वनिमुद्रणाला उत्तम, काही साफ करावं लागलं नाही.

२८ जानेवारी

छापखान्याच्या आगीचं प्रकरण सुटलं. पुस्तकं बांधणाऱ्या कारागिराने, इथे सगळे त्याला बाइंडर म्हणतात, काल साहेबांसमोर कबुली दिली. आगीत छापखान्याच्या मालकाचा मेहुणा गेला होता, आत झोपलेला. मालकाने बांधणीचं मशीन आणलं आणि बाइंडरला महिनाअखेरीस यायचं बंद कर म्हणून सांगितलं होतं, म्हणून संशय त्याच्यावर.

कबुली पक्की मानली जाते आहे, कारण त्याने थिनरचा निळा डबा सांगितला आणि तो कटिंग मशीनच्या मागून घेतला हेही सांगितलं. आग तिथूनच लागली, डबाही तिथेच सापडला. हे वर्तमानपत्रात आलेलं नाही. ज्याने केलं त्यालाच माहीत असणार.

पाच तासांचं ध्वनिमुद्रण. कापून सव्वा तास.

५ फेब्रुवारी

बाईंनी हाक मारली. "हे बघ, हा अर्धाच खोकतोय."

"कोण?"

"बाइंडर. खोकल्याचं शेपूट आहे, डोकं नाही. अर्धा खोकला कुणी खोकतं का? टाइप काय करू, 'खो'?"

ऐकलं. खरंच अर्धा होता. खोकल्याचा पहिला भाग बोलण्यापासून दूर पडला, म्हणून कापला गेला. दुसरा भाग बोलण्याला चिकटून होता, म्हणून राहिला. प्रोग्रॅम नियमाप्रमाणे चालला.

बाईंना सांगितलं, खोकला टाइप करू नका.

६ फेब्रुवारी

तरी मूळ ध्वनिमुद्रण ऐकलं. पाचही तास.

टाइप केलेल्या प्रतीत असं आहे:

साहेब: नीट आठवा. कशाने लावलीत?
बाइंडर: निळा डबा. मशीनच्या मागून.

मूळ ध्वनिमुद्रणात त्या दोन ओळींच्या मध्ये नऊ मिनिटं आहेत. आधी काही नाही. मग खण उघडतो. टेबलावर कागद ठेवला जातो आणि सरकवला जातो. साधा कागद नाही, जाड आणि गुळगुळीत. फोटोचा कागद असा वाजतो. मग बराच वेळ काही नाही. मग नखाने दोनदा टकटक, कागदावरच. लाकडाचा आवाज वेगळा असतो. मग खोकला, पूर्ण. मग बाइंडर म्हणतो, "निळा डबा." पुन्हा एकदा टक. "मशीनच्या मागून."

कागदाचा आवाज हे बोलणं नाही. प्रोग्रॅमने तो शांतता म्हणून काढला.

त्याआधी तासभर बाइंडर अधूनमधून एकच वाक्य म्हणतो, "साहेब, मी घरी होतो हो." दर वेळी थोडं हळू. टाइप केलेल्या प्रतीत ती वाक्यं एकाखाली एक आली आहेत, पाठ केल्यासारखी.

८ फेब्रुवारी

साहेबांना भेटले. मला वाटलं होतं अवघड जाईल. तसं झालं नाही. त्यांनी चहा मागवला, टेबलामागून उठून माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले आणि सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही.

मी संपवलं. ते काही बोलले नाहीत. म्हणून मी सांगितलं की फोटोत काय होतं हे मला माहीत नाही. ते काही बोलले नाहीत. मी सांगितलं की कदाचित तो फोटो डब्याचा नसेलही. आणि प्रोग्रॅम मीच लिहिला आहे, तीन सेकंद ही मर्यादा मीच ठरवली, त्यामुळे मुळात प्रश्न असेल तर तो माझ्या बाजूचा आहे, हेही सांगितलं.

साहेब म्हणाले, "छे छे. एवढं काम तुंबलेलं. तुमच्या जागी कुणीही असतं तरी हेच केलं असतं."

फार समजूतदार माणूस आहे.

११ फेब्रुवारी

मूळ ध्वनिमुद्रण राखण्यासाठी खूण करायची म्हणून तपास अधिकाऱ्याच्या, म्हणजे साहेबांच्याच सहीला गेले. ते लगेच तयार झाले.

"सही देतो ना. माझी काय हरकत? फक्त कारणाच्या रकान्यात काय लिहायचं ते तू बघ." आज पहिल्यांदा 'तू' म्हणाले. वयाने वडिलांएवढे आहेत, गैर वाटलं नाही. "तुझ्या यंत्रात दोष आहे असं लिहायचं, की यंत्र ठीक होतं पण तुझं लक्ष नव्हतं असं? तुला बरं वाटेल ते लिही. मी दोन्हीवर सही करेन."

मी विचार केला. यंत्रात दोष नाही, ते सांगितलेलंच करतं. लक्ष नव्हतं असंही नाही. दोन्ही लिहिता येईनात.

"घाई नाही," साहेब म्हणाले.

कागद कोरा घेऊन परत आले. योग्य शब्द सापडले की भरीन.

२७ फेब्रुवारी

कारण सुचलेलं नाही.

आई म्हणते, हल्ली मी घरात शिरते ते मांजरासारखी. "भांडं तरी पाडत जा, कळेल घरात कुणी आहे." तिला आता उजव्या डोळ्याने फक्त उजेड दिसतो. मोतीबिंदू पिकला आहे, डॉक्टर म्हणाले.

१२ मार्च

साहेब जिन्यात भेटले. आईचं त्यांना बाईंकडून कळलं होतं. "शस्त्रक्रिया कधी?" म्हणाले. मी सांगितलं, सुट्टी शिल्लक नाही, मे महिन्यात बघू. ते म्हणाले, "डोळ्याचं पुढे ढकलू नये. एकवीस मार्चपासून दहा दिवस घे. मी वर बोलतो. इकडचं काही मनात ठेवू नकोस."

संध्याकाळपर्यंत मंजुरी आली. दहा दिवस, भरपगारी. आईने लगेच विचारलं, "हे साहेब कोण? लग्न झालंय का त्यांचं?" म्हटलं, मोठी मुलगी माझ्याहून मोठी आहे. "मग उगाच कशाला चांगले वागतात?" आईचा स्वभाव आहे.

२४ मार्च

शस्त्रक्रिया झाली. पट्टी काढल्यावर आईने आधी खिडकी पाहिली, मग मला. "किती वाळलीस गं," म्हणाली. मग खोलीतल्या बाकी सगळ्यांनाही 'वाळलात' म्हणून सांगितलं, नर्ससकट.

३१ मार्च

कामावर परत. बाइंडरचं मूळ ध्वनिमुद्रण नाही. साठ दिवस अठ्ठावीस तारखेला झाले, जागेवर नवं चढलं. नियमाप्रमाणे. खूण नव्हती.

कोरा कागद खणात होता. फाडून टाकला. आता त्याचा उपयोग नाही.

बाई म्हणाल्या, "चेहरा असा काय?"

"कसा?"

"तेच तर. कसाच नाही."

१८ एप्रिल

न्यायालयात साक्ष द्यायची आहे. आज सरकारी वकील आणि साहेब यांनी तयारी करून घेतली. वकील एकच महत्त्वाचा प्रश्न विचारणार: या ध्वनिमुद्रणातलं कोणतंही बोलणं काढलं किंवा घातलं आहे का? उत्तर: नाही. हे खरं आहे.

"बाकी कुणी काही विचारलं तर?" मी म्हटलं.

"विचारलं तेवढंच सांगायचं," वकील म्हणाले. "तुम्ही तंत्रज्ञ आहात, कीर्तनकार नाही."

साहेब हसले. "तिला सांगायला नको. ती बोलतच नाही. मला हेवा वाटतो."

शाबासकी होती. तरी दुपारभर हात गार होते. एसी तपासला, तापमान नेहमीचंच.

६ मे

साक्ष झाली. जसं झालं तसं लिहिते.

बाइंडरला पहिल्यांदा पाहिलं. आवाजावरून मला तो उंच वाटला होता. बुटका आहे, पन्नाशीचा, कानावर पांढरे केस. पिंजऱ्याच्या कठड्यावर हात ठेवून उभा होता आणि दोन्ही अंगठ्यांनी लाकडाची कड दाबत होता. पानांची चळत सारखी करताना दाबतात तशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा पहिल्यापासून. नखांच्या कडेला सरस वाळलेला. तीन महिने तुरुंगात राहूनही निघालेला नाही.

सरकारी वकिलांनी विचारलं, कोणतंही बोलणं काढलं किंवा घातलं आहे का. मी म्हटलं, नाही.

मग बाइंडरच्या वकीलबाई उठल्या. त्यांना हे प्रकरण न्यायालयाने दिलेलं आहे, फी नाममात्र, हे त्यांच्या चपलांवरूनही कळत होतं. त्यांनी विचारलं, "हे ध्वनिमुद्रण तुमच्याच विभागातलं?"

"हो."

"सही तुमची?"

"हो."

"बरं. एक मिनिट हं." त्या पिशवीत कागद शोधू लागल्या. चष्मा सापडला, कागद सापडेना. पुन्हा पिशवीत हात घातला. न्यायाधीश पेन टेबलावर आडवं ठेवून थांबले. टंकलेखकाने बोटं उचलून धरली. पंखा फिरत होता. कुणी बोलत नव्हतं.

साहेब पहिल्या रांगेत होते. माझ्याकडे पाहत होते, शांत. बाइंडर कठड्याच्या टोकाशी पोचला होता आणि पुन्हा सुरुवातीला आला.

मी म्हटलं, "बोलणं काढलेलं नाही. बाकीचं काढलं आहे."

वकीलबाईंचा हात पिशवीतच राहिला. "काय म्हणालात?"

सरकारी वकील उभे राहिले. "प्रश्न विचारलेला नाही, महाराज."

न्यायाधीशांनी त्यांना बसायला सांगितलं आणि मला विचारलं, "बाकीचं म्हणजे काय?"

मी सांगितलं. पाच तासांचे सव्वा तास कसे झाले. खण. कागद, जाड, गुळगुळीत. नखाने दोनदा टक. खोकला. निळा डबा. पुन्हा एकदा टक. मशीनच्या मागून. फोटो पाहिला का, विचारलं. नाही, पाहिला नाही, ऐकला. त्यात काय होतं हे सांगू शकत नाही. कागदाची जात सांगू शकते. "मी घरी होतो हो" ही वाक्यं किती अंतराने आली, तेही सांगितलं. सगळं क्रमाने आठवत होतं. इतकं आठवत असेल याची मला कल्पना नव्हती.

"मूळ ध्वनिमुद्रण कुठे आहे?"

"पुसलं गेलं. राखायची खूण करणं माझ्याकडे होतं. मी केली नाही."

"का केली नाही?"

"कारणाच्या रकान्यात लिहायला दोनच कारणं होती. दोन्ही खरी नव्हती."

"दोनच कारणं कुणी दिली?"

मी सांगितलं. सांगताना मला ते पहिल्यांदा ऐकू आलं.

बाइंडरचे अंगठे थांबले होते. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. तो वकीलबाईंच्या पिशवीकडे पाहत होता, अजून काही बाहेर येईल का अशा नजरेने.

तंत्रज्ञ म्हणून माझी चूक झाली. प्रश्न नसताना उत्तर दिलं.

७ मे

साहेब वर आले. बाईंना चहाला पाठवलं. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले.

"थकलीस ना," म्हणाले. "मला राग नाही. त्या वकीलबाईने तुला छान बोलतं केलं."

"त्यांनी काही विचारलं नाही. कागद शोधत होत्या."

"तेच तर. तुला मुद्दाम करायचं नव्हतं, मला माहीत आहे. आठवणीत थोडं इकडचं तिकडे झालं असेल, किंवा आईच्या आजारपणाचा ताण. यातलं कुठलं ते वकिलांना लिहून दे. बास, मिटलं."

मग ते थांबले.

मी हेडफोन लावले. आज आलेलं एक ध्वनिमुद्रण साफ करायचं होतं. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांची बाही दिसत होती, आणि बऱ्याच वेळाने दिसेनाशी झाली.

बाई परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "जिन्यात भेटले. माझ्याशी बोलले नाहीत. सासरेबुवा आणि नमस्कार नाही? काय केलंस तू?"

२ जून

माझी खात्यांतर्गत चौकशी लागली आहे. साहेबांचीही, असं बाई म्हणतात. त्यांची बातमी सहसा खोटी नसते. न्यायालयाने बाइंडरची कबुली पुराव्यातून बाजूला ठेवली. त्याला जामीन मिळाला. खटला चालूच आहे, छापखान्याचा मालक हटत नाही.

आईने विचारलं, "म्हणजे त्याने केलं की नाही केलं?"

"मला माहीत नाही."

"आणि नोकरी गेली तर?"

"तेही माहीत नाही."

तिने दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. हल्ली तिला सगळं दिसतं, हा एक त्रासच आहे. "बरं," म्हणाली. "जेव."

२० जून

न्यायालयाचा आदेश आला. मशीनवर ज्यांची मूळ प्रत शिल्लक आहे ती सगळी ध्वनिमुद्रणं न कापता पुन्हा टाइप करायची. जिथे बोलणं नाही तिथे काय ऐकू येतं तेही लिहायचं. चौकशीचा निकाल लागेपर्यंत हे काम माझ्याकडेच आहे.

"वा," बाई म्हणाल्या. "म्हणजे मी पुन्हा लोकांचं गप्प बसणं ऐकायचं. दिलंस काय नि काढून घेतलंस काय."

पहिलं घेतलं ते एप्रिलअखेरचं, साहेबांनीच केलेलं. एका नर्सची चोरीची कबुली. कापल्यावर जेमतेम वीस मिनिटं, एकही अडखळणं नाही. मी ते नमुना म्हणून वर पाठवलं होतं.

मूळ दोन तासांचं आहे.

थोड्या वेळाने बाईंनी हेडफोन सैल केले. "तुझं मशीन बिघडलंय. नुसती खरखर येतेय."

"खरखर नाही. आवाज वाढवा."

त्यांनी वाढवला. दोन्ही हात हेडफोनवर धरून ऐकत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "अगं, ही रडतेय."

"हो."

"तोंड दाबून."

"हो. घशातून आवाज निघाला असता तर प्रोग्रॅमने ठेवला असता."

बाई मशीनकडे नाही, माझ्याकडे पाहत होत्या. "हिचं मीच टाइप केलं होतं गं. एका बैठकीत. म्हटलं होतं, किती छान बोलते."

मी त्यांच्यासमोर कोरं पान उघडलं.

"काय लिहू?"

"ऐकू येतं ते."

त्यांनी लिहिलं: आरोपी रडते. साहेब थांबतात. मग ऐकलं आणि पुन्हा लिहिलं: आरोपी रडते. साहेब थांबतात. पान खाली सरकत गेलं. चहावाला दारात येऊन उभा राहिला, कुणी हात केला नाही तेव्हा गेला.

"अजून किती आहे?" बाईंनी विचारलं.

पडद्यावर रेषा जवळजवळ सपाट होती आणि उजव्या कडेच्या बाहेर जात होती.

"बरंच आहे," मी म्हटलं. "लिहीत राहा."